चौथीचा वर्ग

सिव्हिलच्या सिस्टरनं केसपेपरच्या कोपऱ्यावर लिहून दिलेलं:
मंगळवार, शनिवार, साडेसात.
शाळेचं नाव. पैसे लागत नाहीत.
कोपरा फाडून मी विडीच्या बंडलात खोचला.
बंडल संपलं, चिठ्ठी दुसऱ्यात गेली,
अशी सहा बंडलं.

सातव्यात ती भाग्यानं ठेवली.
मांडीवर सूप, सुपात पानं,
हजाराचा हिशेब पुरा करताना
तिनं माझ्याकडं पाहिलं फक्त,
छाटात काढलेल्या विडीकडं पाहावं तसं.

ऊन उतरलेलं, तरी साखर पेठेतलं डांबर
चपलेतून चटके देत होतं.
फाटकावरून तीनदा गेलो, घाईत असल्यासारखा.
विचारायचं तर काय विचारायचं?
दारूचं दुकान विचारताना जीभ कधी अडली नव्हती,
परगावी मयताला गेलो तेव्हासुद्धा.
टपरीवाल्यानं चुना लावता लावता अंगठा दाखवला,
"मागनं जा की. तिसरी खोली.
आन चपला आत ने बे, भाईर जात्यात."

चौथीचा वर्ग. फळ्यावर तेराचा पाढा,
तेरा सक अठ्ठ्याहत्तरला येऊन थांबलेला.
बाक इतके बुटके, की गुडघे छातीला.
आठ-नऊ बाप्ये, आणि दाराशी एक बाई,
पदराचं टोक बोटाला गुंडाळत.
नवऱ्यासाठी आली असेल, वाटलं मला.

थर्मासमधून चहा ओतणारा वळला
आणि मी तसाच मागं फिरणार होतो:
आमच्या कारखान्याचा जॉबर.
दोन वर्षांमागं, रात्रपाळीत,
माझ्या मागावरच्या चादरीत मोराला तीन पाय आले,
तेव्हा ह्यानंच माझं तोंड हुंगून
मला दाराबाहेर काढलेलं.
त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता तेव्हा.
हे मला आज आठवलं.

"रा, कूसो," म्हणाला, घरच्या भाषेत.
कप पुढं केला, अर्धाच भरलेला.
इथं सगळ्यांना ठाऊक असतं
पहिल्या दिवशी हात किती हलतो.

मग एकेक जण उठला. नुसतं नाव, आडनाव नाही.
"मी राजेशम. मी दारुडा आहे.
आज दोनशे बारा दिवस."
दारुडा. सासऱ्याकडून ऐकलेला शब्द, हवालदाराकडून,
एकदा पोराच्या मास्तरकडून.
इथं तो माणसं खाली ठेवत होती
मागावर उभं राहण्याआधी मनगटातलं घड्याळ काढून ठेवतात तसा.

"मी पद्मा," दाराजवळची म्हणाली,
"नवरा शिवत नाही. मी प्यायचे."
पंखा तेवढा करकरला.

माझी पाळी.
काय बोलायचं ठरवलं नव्हतं.
म्हणालो, मोराला तीन पाय होते.
कुणी हसलं नाही.
मग राजेशम हसला, मग पद्मा, मग मी,
आणि माझं हसू कुठं संपलं ते कळलं नाही.
कुणीतरी उठून रस्त्याकडची खिडकी लावली.

नाव राहिलंच. शनिवारी सांगतो म्हणालो.

परतताना कन्ना चौकात ते दुकान उघडं,
हिरवी ट्यूब, आत ओळखीचे आवाज.
थांबलो.
मागून सायकल ढकलत येणारा राजेशमही थांबला,
चेन उतरली म्हणून वाकला.
चेन उतरली नव्हती.
बराच वेळ लावला त्यानं.

घरी भाग्या शेवटच्या कट्ट्याला दोरा गुंडाळत होती.
मान वर न करता म्हणाली,
"काय शिकवलं शाळेत?"
"तेराचा पाढा," म्हणालो.
"सहापर्यंत."